पंचेचाळिसाव्या वर्षी रुजू, सत्तावन्नाव्या वर्षी निरोप : रॉजर मूर यांच्या बाँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

इयान फ्लेमिंग यांच्या १९५५ सालच्या 'मूनरेकर' या जेम्स बाँडच्या कादंबरीत त्याच्या हेरखात्याचा एक नियम येतो. माणूस मारायचा परवाना असलेल्या 'डबल ओ' हेराला पंचेचाळिसाव्या वर्षी त्या यादीतून काढतात आणि मुख्यालयात टेबलावरचं काम देतात. बाँड मनाशी हिशेब करतो : आपली अजून आठ वर्षं उरली.

१९७३ साली 'लिव्ह अँड लेट डाय' प्रदर्शित झाला तेव्हा रॉजर मूर ४५ वर्षांचे होते. कादंबरीतल्या खात्याने ज्या वयात बाँडला टेबलावर बसवलं असतं, नेमक्या त्या वयात मूर त्या कामावर रुजू झाले. पुढे बारा वर्षांत त्यांनी सात चित्रपट केले. शेवटचा 'अ व्ह्यू टू अ किल' १९८५ च्या मे महिन्यात आला, तेव्हा त्यांचं वय ५७ होतं.

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं सहसा बदलतात. इथली मुख्य नावं जगजाहीर असल्यामुळे ती तशीच ठेवली आहेत आणि बाकीच्यांचा उल्लेख कामापुरता केला आहे. मराठीत हे लिहिताना एक सोय आपोआप होते. मूर यांना आपण 'ते' म्हणतो, बाँडला 'तो'. ते वयाने वाढत गेले, तो वाढला नाही. हे सगळं प्रकरण त्या 'ते' आणि 'तो' यांच्यात पडत गेलेल्या अंतराचं आहे. ते अंतर निर्मात्यांना दिसत होतं, खुद्द मूर यांना दिसत होतं, तरी तीन वेळा निर्णय पुढे ढकलला गेला. तो का आणि कसा, हे मला इथे मांडायचं आहे.

सुरुवातीला अडचण नव्हती, हेही सांगायला हवं. शॉन कॉनरी पहिल्या चित्रपटाच्या वेळी, १९६२ साली, ३२ वर्षांचे होते आणि जॉर्ज लॅझेनबी १९६९ साली ३०. मूर कॉनरींपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठे, म्हणजे खुर्चीवर नवा आलेला माणूस जुन्यापेक्षा वयस्कर होता. पण दूरचित्रवाणीवरच्या 'द सेंट' मालिकेमुळे त्यांचा चेहरा लोकांच्या ओळखीचा होता आणि तो वयापेक्षा तरुण दिसायचा. शिवाय त्यांची धाटणी वेगळी होती. कॉनरींचा बाँड अंगावर धावून जायचा. मूर यांचा बाँड एक भुवई वर करायचा, कोटाची बाही सरळ करायचा आणि एखादं वाक्य टाकून मोकळा व्हायचा. त्या धाटणीला दमसास कमी लागतो, म्हणून वय बराच काळ झाकलं गेलं. (कॉनरींच्या डोक्यावर पहिल्या बाँडपटापासून टोप होता. झाकाझाक त्यांचीही चालूच होती, फक्त ती केसांपुरती होती.)

अडचण

अडचण नायक-नायिकेच्या वयातल्या फरकाची होती, असं आपण पटकन म्हणून टाकतो. मीही तसंच म्हणत आलो. पण जन्मसालं शेजारी शेजारी लिहून पाहिली तेव्हा ते विधान टिकलं नाही.

१९७३ च्या पहिल्या चित्रपटातल्या जेन सीमोर मूर यांच्यापेक्षा २३ वर्षांनी लहान. १९८५ च्या शेवटच्या चित्रपटातल्या टॅनिया रॉबर्ट्स २२ वर्षांनी लहान. फरक तेवढाच, खरं तर एका वर्षाने कमी. तरीही पहिला चित्रपट पाहताना तो फरक आपल्याला टोचत नाही आणि शेवटचा पाहताना प्रत्येक प्रेमप्रसंगात अवघडल्यासारखं होतं. म्हणजे दोष वजाबाकीत नाही. पंचेचाळीस आणि बावीस ही जोडी पडद्यावर अजून खपते. सत्तावन्न आणि पस्तीस ही जोडी आयुष्यात कितीही खरी असली, तरी पडद्यावर तिला काहीतरी कारण द्यावं लागतं. पटकथा तेच जुनं कारण देत राहिली, की तो बाँड आहे.

दुसरी खूण हालचालींत दिसते. मारामारी किंवा पाठलाग करताना मूळ नटाऐवजी स्टंटमन वापरायचा, तर कॅमेरा लांब न्यायचा किंवा पाठीमागे ठेवायचा, मान वळते त्या क्षणी कट द्यायचा आणि पुढच्या शॉटला स्टुडिओत घेतलेला नटाचा क्लोजअप जोडायचा. ही पद्धत सगळ्याच नटांसाठी वापरतात. मुद्दा प्रमाणाचा असतो. मार्टिन ग्रेस हे मूर यांचे भरवशाचे स्टंटमन होते. 'ऑक्टोपसी'च्या आगगाडीच्या प्रसंगात ते गंभीर जखमी झाले, इतकं अंगावरचं काम त्यांच्या वाट्याला होतं. शेवटच्या चित्रपटात आयफेल टॉवरच्या जिन्यावर बाँड खलनायकाची साथीदार मे डे हिच्या मागे धावतो. तिथे पायऱ्या चढणारी पाठ आणि कठड्याशी थांबून वर पाहणारा चेहरा ही दोन वेगळी माणसं आहेत, हे न शोधताही कळतं. पाठ तिशीतली वाटते, चेहरा पन्नाशी ओलांडलेला.

समोर असलेले पर्याय

निर्माते अल्बर्ट ब्रॉकोली यांच्यासमोर तीन रस्ते होते आणि प्रत्येक चित्रपटाआधी तेच तीन समोर येत. मूर यांचा सुरुवातीचा करार तीन चित्रपटांचा होता. तो संपल्यावर दर वेळी नव्याने बोलणी होत, त्यामुळे दर वेळी थांबायची संधीही होती.

पहिला रस्ता सरळ होता : तरुण नट आणायचा. त्यात धोका होता, कारण १९६९ साली लॅझेनबी एका चित्रपटापुरते टिकले आणि १९७१ साली कॉनरींना साडेबारा लाख डॉलर मोजून परत बोलवावं लागलं, ही आठवण ताजी होती. दुसरा रस्ता, मूर यांनाच ठेवायचं आणि काहीच बदलायचं नाही. त्यांचे चित्रपट चालत होते. १९७९ च्या 'मूनरेकर'ने जगभरात सुमारे २१ कोटी डॉलर मिळवले होते. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार?

तिसरा रस्ता होता मूर यांना ठेवून बाँडला म्हातारं होऊ देण्याचा. 'म्हातारं' हा शब्द कदाचित जड आहे, 'पोक्त' म्हणू या. त्याच्या अनुभवाला, थकव्याला, मागे सोडलेल्या माणसांना गोष्टीत जागा द्यायची. हा रस्ता त्या वेळी कुणी नीट कागदावर मांडला असेल असं मला वाटत नाही. पण चित्रपट पाहिले तर त्याच्या कडेकडेने चाललेली पावलं दिसतात. म्हणूनच मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. उत्तर त्यांच्या हातात अधूनमधून येत होतं.

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय : १९८१

'फॉर युअर आईज ओन्ली'च्या वेळी मूर परततील की नाही हे नक्की नव्हतं. नवा चेहरा आलाच तर प्रेक्षकांना हा तोच माणूस आहे हे पटावं, म्हणून सुरुवातीला एक प्रसंग लिहिला गेला : बाँड हातात फुलं घेऊन बायकोच्या थडग्याशी जातो. १९६९ च्या चित्रपटात लग्नाच्या दिवशीच मारली गेलेली ती ट्रेसी. दगडावर तिचं जन्म-मृत्यूचं साल आहे, १९४३ आणि १९६९.

शेवटी मूरच आले, पण प्रसंग राहिला. आणि झालं असं, की नव्या नटासाठी केलेली सोय जुन्या नटाला शोभून दिसली. ५३ वर्षांचा माणूस बारा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोच्या थडग्यापुढे उभा आहे. चेहऱ्यावरच्या रेषा इथे लपवाव्या लागत नाहीत, त्या प्रसंगाच्या कामी येतात. तिशीतला कुणी तिथे उभा असता तर तेवढं ओझं जाणवलं नसतं.

त्याच चित्रपटात बिबी ही स्केटिंग करणारी मुलगी बाँडच्या खोलीत त्याची वाट पाहत बसलेली असते. तो तिला कपडे घालायला सांगतो आणि म्हणतो, चल, तुला आईस्क्रीम देतो. माझ्या मते मूर यांच्या बाँडने वय कबूल केल्याचा हा पहिला जाहीर क्षण. लेखकांना प्रश्न कळला होता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

आणि तिथेच घात झाला. बिबीचं काम करणाऱ्या लिन-हॉली जॉन्सन आणि नायिका मेलिनाचं काम करणाऱ्या कॅरोल बुके यांच्या वयात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर आहे. बुके मूर यांच्यापेक्षा ३० वर्षांनी लहान, सातही चित्रपटांतल्या नायिकांमध्ये हा सर्वांत मोठा फरक. एकीला तू लहान आहेस म्हणून आईस्क्रीम आणि दुसरीबरोबर शेवटी चांदण्यात पोहणं. नियम कळला, एका प्रसंगात पाळला आणि शेवटाला येईपर्यंत विसरला.

दुसरा निर्णय : १९८२–८३

इथे मूर जवळजवळ थांबलेच होते. 'ऑक्टोपसी'साठी अमेरिकन नट जेम्स ब्रोलिन यांची स्क्रीन टेस्ट झाली. चित्रपटात पुढे काम केलेल्या मॉड अ‍ॅडम्स आणि विजय अमृतराज यांच्याबरोबर त्यांचे प्रसंग चित्रित झाले. ब्रोलिन तेव्हा ४१-४२ वर्षांचे होते.

मग बातमी आली की कॉनरी दुसऱ्या निर्मात्यांसाठी पुन्हा बाँड करताहेत. एकाच वर्षात दोन बाँड येणार होते. समोर मूळ बाँड उभा असताना आपल्या बाजूने अनोळखी चेहरा उतरवायचा? ब्रॉकोली मूर यांच्याकडे परत गेले.

मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. त्या परिस्थितीत मीही तोच घेतला असता, आणि गल्ल्यानेही तो बरोबर ठरवला. १९८३ च्या जूनमध्ये आलेल्या 'ऑक्टोपसी'ने जगभरात १८ कोटी डॉलरच्या वर मिळवले आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या कॉनरींच्या 'नेव्हर से नेव्हर अगेन'ला मागे टाकलं. पण निर्णयाचं कारण पाहा. प्रश्न होता वयाचा, उत्तर आलं स्पर्धेचं. ५४ वर्षांच्या माणसाला ठेवायचं ठरलं ते समोर त्याच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान प्रतिस्पर्धी होता म्हणून. वयाचं काय करायचं हे त्या बैठकीत सुटलं नाही, फक्त वेळ मारून नेली गेली.

गंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्याने वयाचा प्रश्न उघडपणे घेतला होता. त्या चित्रपटात सुरुवातीलाच वरिष्ठ बाँडला खडसावतो, तुझी तब्येत ढासळली आहे, आणि त्याला प्रकृती सुधारायला आरोग्यकेंद्रात धाडतो. आपण थकलो आहोत हे बाँड स्वतःच्या अंगावर घेतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो.

'ऑक्टोपसी'त मात्र वयाचा विषय निघतो तो बाँडच्या तोंडून नाही, त्याच्या वरिष्ठाची, म्हणजे एमची, सचिव असलेल्या मिस मनीपेनीच्या. तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. बाँड कचेरीत येतो, मनीपेनी त्याला तिची नवी तरुण मदतनीस, पेनेलोपी स्मॉलबोन, दाखवते. बाँड तिची स्तुती करायला लागतो, की ही अगदी तितकीच आकर्षक आहे... आणि मनीपेनी वाक्य पुरं करते : जितकी मी पूर्वी होते? तो म्हणतो, मी असं म्हटलं नाही. लोइस मॅक्सवेल हे वाक्य हसत म्हणतात, पण डोळे हसत नाहीत.

मॅक्सवेल आणि मूर हे लंडनच्या नाट्यशिक्षणाच्या अकादमीत, राडात, बरोबर शिकलेले. ती त्याच्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी, बस्स. त्या खोलीत दोन समवयस्क माणसं उभी आहेत. एकीला 'पूर्वी' हा शब्द स्वतःसाठी वापरावा लागतो. तिच्या जागी घ्यायची तरुण मुलगी आधीच आणून ठेवलेली आहे. दुसऱ्याला तसं काही विचारलं जात नाही. वारसदार शोधायची गरज टेबलामागच्या बाईसाठी कळली होती आणि टेबलासमोरच्या पुरुषासाठी नाही.

आता त्याच चित्रपटातली चांगली गोष्ट. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन तळावर सर्कस चालू आहे, तंबूत अणुबाँब लपवलेला आहे. बाँडला तिथे पोचायचं आहे. रस्त्यावर पोरं गाडी थांबवल्यासारखं करून त्याला हुलकावणी देतात. फोनच्या खोक्यात एक बाई बोलतच बसते. शेवटी तिचीच गाडी घेऊन तो पळतो आणि तळात शिरल्यावर पहारेकऱ्यांना चुकवण्यासाठी विदूषकाचा वेश चढवतो. लाल नाक, रंगवलेला चेहरा, ढगळ कपडे. बाँब आहे असं तो ओरडतो आणि लोक हसतात. त्याचा आवाज फाटतो, शिपाई त्याला धरतात, तरी लोक हसतातच.

त्या रंगाखाली वय दिसत नाही, म्हणून हा प्रसंग चांगला आहे असं नाही. उलट आहे. कुणी ऐकत नाही म्हणून कासावीस झालेला एक वयस्क माणूस तिथे पहिल्यांदा दिसतो. भुवई नाही, चटपटीत वाक्य नाही. मूर यांनी सात चित्रपटांत केलेलं हे सर्वांत खरं काम, असं मी बेधडक म्हणेन. तिसरा रस्ता कुठे जातो, ते या पाच-दहा मिनिटांत दिसतं.

या चित्रपटाचं बरंच चित्रण उदयपूरला झालं. मुंबईचे कबीर बेदी त्यात गोबिंदाच्या भूमिकेत आहेत. विमानाच्या पाठीवरची झटापट आठवा : बेदी तेव्हा तिशीत, मूर पंचावन्नचे. पडद्यावर बाँड जिंकतो. आपण ते मानतो, पण मनातल्या मनात थोडी सूट देऊन.

तिसरा निर्णय : १९८४–८५

स्पर्धा संपली होती. कॉनरी पुन्हा येणार नव्हते. थांबायला याहून चांगली वेळ नव्हती, आणि याच वेळी मूर यांना सातव्यांदा बोलावलं गेलं. आधीच्या दोन निर्णयांना निदान कारणं होती. याला सवयीपलीकडे मला कारण दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली खरी चूक हीच.

तरी पटकथेत दोन ठिकाणी शहाणपण आहे. फ्रान्समधल्या शँतिईच्या वाड्यात बाँडबरोबर सर गॉडफ्री टिबेट हा घोड्यांचा जाणकार आहे. ते काम पॅट्रिक मॅकनी यांनी केलं. ते मूर यांच्याहून पाच वर्षांनी मोठे आणि त्यांचे जुने मित्र. बाँड श्रीमंत मालक आणि टिबेट त्याचा नोकर, असं सोंग दोघं घेतात. मालक नोकरावर डाफरतो, नोकर खोलीत आल्यावर धुसफुसतो. दोन पिकल्या माणसांची ती जोडी इतकी छान जमते की टिबेट मारला जातो तेव्हा चित्रपटातली ऊबच जाते. त्यानंतर बाँडच्या वयाचं पडद्यावर कुणी उरत नाही.

दुसरं ठिकाण नायिका स्टेसीच्या घरातलं. गुंडांना पळवून लावल्यावर बाँड तिच्या स्वयंपाकघरात शिरतो, फ्रिजमध्ये काय आहे ते पाहतो आणि तिच्यासाठी अंड्यांचा क्विश भाजतो. ती दमून झोपते. तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो आणि रात्र खुर्चीत काढतो. सत्तावन्नाव्या वर्षी बाँड स्त्रीशी कसा वागेल याचं उत्तर या प्रसंगात तयार होतं. तिची काळजी घेणारा, जागा राहणारा माणूस. चित्रपट तिथून तसाच पुढे गेला असता तर आज आपण त्याच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं. पण शेवट ठरलेला होता. नायिका आणि बाँड शॉवरखाली, आणि हेरखात्याची यंत्रं बनवणाऱ्या क्यू यांचा छोटा यंत्र-कॅमेरा डोकावतोय.

निष्पत्ती

'अ व्ह्यू टू अ किल'ने जगभरात सुमारे १५ कोटी २० लाख डॉलर मिळवले. तोटा नाही, पण 'मूनरेकर'पासून चढत्याऐवजी उतरता क्रम लागला होता : २१ कोटी, १९ कोटींच्या वर, १८ कोटींच्या वर, मग १५. याला एकटं वय जबाबदार धरणं बरोबर नाही. बाजारात त्या वर्षांत इतर मोठे साहसपट होते. पण १९८७ साली नव्या नटाबरोबर आकडा पुन्हा १९ कोटींवर गेला, हेही नोंदवायला हवं.

मूर यांनी १९८५ च्या डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली. टॅनिया रॉबर्ट्स यांच्या आईपेक्षाही आपण मोठे आहोत हे कळल्यावर आपण हादरलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. या भूमिकेसाठी आपण फारच वयस्क होतो, हे ते पुढे मुलाखतींतून स्वतःच बोलत राहिले. खाणीतल्या कामगारांना मशिनगनने मारायचा त्या चित्रपटातला प्रसंगही त्यांना रुचला नव्हता. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी. त्यांनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही.

पुढची निवडही सरळ झाली नाही. पियर्स ब्रॉस्नन ठरले होते, पण त्यांची बंद पडलेली दूरचित्रवाणी मालिका ऐनवेळी पुन्हा सुरू झाली आणि त्यांना करारातून सुटता आलं नाही. टिमथी डाल्टन आले, वय ४१. त्यांना १९६० च्या दशकाच्या शेवटीही विचारणा झाली होती, तेव्हा आपण या कामाला फार लहान आहोत म्हणून ते नाही म्हणाले होते. आपण कधी लहान आहोत आणि कधी मोठे, हे नटाला बहुतेक वेळा निर्मात्याआधी कळतं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत सोपं उत्तर, 'ऑक्टोपसी'नंतर थांबायचं. तंबूतल्या त्या विदूषकावर मूर यांची कारकीर्द संपली असती. पण मला दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते इतरांनाही लागू पडतं : ठेवायचं ठरलं, तर पटकथेला वय सांगायचं. थडगं, आईस्क्रीम, विदूषक, टिबेट, क्विश. पाच तुकडे तीन चित्रपटांत विखुरलेले होते. ते एकाच चित्रपटात एका माणसाच्या गोष्टीत ओवले असते, तर सत्तावन्नाव्या वर्षीचा बाँड पटला असता.

हे शक्य आहे, याचा दाखला त्याच मालिकेने २७ वर्षांनी दिला. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये बाँड गोळीबाराच्या आणि तब्येतीच्या चाचण्यांत नापास होतो, दाढीचे खुंट पांढरे आहेत, हात थरथरतो, आणि एम ते निकाल त्याच्यापासून लपवते. डॅनियल क्रेग तेव्हा ४४ वर्षांचे होते. मूर यांनी सुरुवात केली त्याहून एका वर्षाने लहान. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी जो विषय काढायला संकोच वाटला, तो चव्वेचाळिसाव्या वर्षी चित्रपटाचा कणा झाला.

कॉनरींनी तर वयालाच कामाला लावलं. बाँडबाहेरच्या भूमिकांत ते टोपाशिवाय, दाढी राखूनही दिसले आणि १९८७ च्या 'द अनटचेबल्स'मधल्या उतारवयातल्या पोलिसाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलं. १९८९ साली ते हॅरिसन फोर्ड यांचे वडील झाले. दोघांच्या वयात फक्त बारा वर्षांचं अंतर असताना ते शोभलं, कारण त्यांनी ते मनापासून मान्य केलं होतं.

हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. २०२३ साली मुंबईत तयार झालेले दोन हेरपट आले, जानेवारीत 'पठान' आणि नोव्हेंबरात 'टायगर ३'. शाहरुख खान आणि सलमान खान दोघंही आपापल्या प्रदर्शनाच्या वेळी ५७ वर्षांचे होते. मूर त्यांचा शेवटचा बाँडपट आला तेव्हा होते तेवढेच. 'पठान'च्या अखेरीस दोघं मोडक्या रेल्वे पुलावर बसून बोलतात : आता बस्स करू या का, पण आपल्या जागी येणार कोण? नावं आठवून पाहतात आणि ठरवतात की हे काम पोरांवर सोपवायचं नाही. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. प्रश्न मोठ्याने विचारला गेला याचं मला समाधान वाटलं. पण उत्तर १९८२ च्या बैठकीतलंच होतं.

आणि एक गोष्ट, जी मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते. १९८१ च्या जानेवारीत एमचं काम करणारे बर्नार्ड ली वारले. त्या वर्षीच्या चित्रपटात एम रजेवर असल्याचं दाखवलं आणि पुढच्या चित्रपटात त्या खुर्चीवर दुसरे पुरुष नट आणले. मनीपेनी तेव्हा जवळजवळ वीस वर्षं त्या खुर्चीच्या दाराबाहेर बसत होती. तिला आत बसवलं असतं, तर बाँडच्या वयाची एक स्त्री पडद्यावर अधिकाराने बोलली असती, त्याला त्याचं वय दाखवू शकली असती, आणि चित्रपटाला हवा असलेला समवयस्क माणूस आपोआप मिळाला असता. तसं झालं नाही. शेवटच्या चित्रपटात मॅक्सवेल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत भडक गुलाबी पोशाख आणि टोपी घालून उत्साहाने ओरडतात. तो त्यांचा चौदावा बाँडपट होता, तोच शेवटचा. १९८७ साली त्यांच्या जागी विशीतल्या कॅरोलाइन ब्लिस आल्या.

१९९५ साली एमच्या खुर्चीवर पहिल्यांदा स्त्री बसली. जुडी डेंच तेव्हा साठीत होत्या. २००७ च्या सप्टेंबरात लोइस मॅक्सवेल गेल्या, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरचे मूर त्यांच्याबद्दल बोलले. आपण बाँड सोडल्यावर तिला पुढे घेतलं नाही याची त्यांना हळहळ होती. एमची बढती मिळाली नाही याचं तिला फार वाईट वाटलं असणार, असं ते म्हणाले. ती एम म्हणून फार छान शोभली असती, असंही म्हणाले.